प्रश्न विचारणारा कीर्तनकार : संत गाडगेबाबा

२० डिसेंबर हा संत गाडगेबाबांचा स्मृतिदिन. १९५६ साली या दिवशी अमरावतीजवळच्या वलगाव येथे, पेढी नदीच्या परिसरात, बाबांनी देह ठेवला. हा दिवस आला की वऱ्हाडातील गावोगावी लोक झाडू हाती घेतात, शाळांतून मुलांची भाषणे होतात, अमरावतीच्या समाधिस्थळी भाविकांची रीघ लागते. अमरावतीच्या विद्यापीठाला आज बाबांचे नाव आहे. राज्य शासनाने २०००-०१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचेच नाव देण्यात आले. झाडू ही त्यांची ओळख झाली आणि ती योग्यच आहे. परंतु रस्ते झाडून झाल्यावर, रात्रीच्या कीर्तनात बाबा माणसांची मने ज्या साधनाने झाडीत असत, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. ते साधन म्हणजे प्रश्न.

आपल्या धर्मग्रामांतून एक जुना वाद अधूनमधून डोके वर काढतो. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की मोठ्यांसमोर आणि गुरुजनांसमोर लहानांनी निमूट बसावे. ऐकता ऐकताच शहाणपण येते. तरुणांचे म्हणणे असे, की शंका विचारल्यावाचून मनाला काही पटत नाही आणि न पटलेली गोष्ट फार दिवस टिकत नाही. सेमिनरीत असताना आम्ही या वादाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिले आहे. विद्यार्थी होतो तेव्हा प्रश्नांवर प्रश्न विचारून आम्ही शिक्षकांचा तास अडवीत असू. पुढे आम्हीच शिकवू लागलो, तेव्हा वारंवार हात वर करणारा विद्यार्थी आम्हांला नकोसा वाटू लागला. म्हणून या वर्षी बाबांच्या स्मृतिदिनानिमित्त त्यांचे चरित्र आम्ही पुन्हा एकदा या वादाच्या उजेडात पाहावयाचे ठरविले. शाळेची पायरीही न चढलेल्या या माणसाने आयुष्यभर काय ऐकले, काय विचारले आणि त्यातून काय साधले, हे आपणांसमोर मांडीत आहोत.

देबूजीचे बालपण

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव हे बाबांचे जन्मगाव. आज ते अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबूजी. काही जण देबूजी असेही लिहितात.

झिंगराजी दारूच्या आहारी गेले होते. लग्नकार्य असो, बारसे असो की देवाचा नवस असो, त्या काळी बकरे कापल्यावाचून आणि दारू वाटल्यावाचून कार्य पार पडले असे कोणी मानीत नसे. या रिवाजाने घरातील भांडीकुंडी गेली, आरोग्य गेले आणि अखेर डेबूजी लहान असतानाच झिंगराजींचे प्राणही गेले. सखुबाई मुलाला घेऊन माहेरी आल्या. त्यांचे माहेर अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे गावी.

दापुऱ्यात डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, रात्री भजनात टाळ वाजविला. हा सगळा पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागले तरी ते खारट, म्हणून सारी भिस्त पावसावर. कपाशी आणि ज्वारी ही पिके. अशा मुलखात मुलाला शाळेत घालणे म्हणजे घरातील दोन हात कमी करणे. डेबूजी शाळेत गेला नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसाला शिकण्याचे एकच द्वार उघडे असते आणि ते म्हणजे कान. भजनातील अभंग त्याने ऐकून पाठ केले. शेतीची कामे थोरांच्या हालचाली पाहून आणि बोल ऐकून त्याने आत्मसात केली. म्हणजे केवळ ऐकून काही मिळत नाही, असे म्हणावयास बाबांचे बालपण वाव देत नाही.

मामांचा अंगठा

परंतु याच दापुऱ्यात डेबूजीने मौनाचे दुसरे रूपही पाहिले. ते समजण्यासाठी थोडा इतिहास ध्यानी घ्यावा लागेल. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कपाशीला एकाएकी सोन्याचे मोल आले. आगगाडी आली, बाजारपेठा उभ्या राहिल्या, शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा खेळू लागला. त्याचबरोबर जमीन गहाण ठेवून कर्ज काढणेही सोपे झाले. युद्ध संपले, कापसाचे भाव उतरले, पण कर्जाची सवय मागे राहिली. सावकाराची वही आणि कोर्टाचा कागद या दोन गोष्टी शेतकऱ्याच्या आयुष्यात आल्या; त्या कागदावरची अक्षरे मात्र त्याला वाचता येत नव्हती.

डेबूजीचे मामा चंद्रभानजी हे असेच एक कष्टाळू आणि निरक्षर शेतकरी. सावकारावर त्यांचा पूर्ण विश्वास. सावकार सांगेल तेथे ते अंगठा उठवीत. किती घेतले, किती फेडले, व्याज किती चढले, कागदावर काय लिहिले आहे, हे त्यांनी कधी विचारले नाही. मोठ्या माणसाला असे विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे, अशीच तेव्हाची समजूत होती. एके दिवशी उघडकीस आले, की जमीन आपली राहिलेली नाही. तो धक्का चंद्रभानजींना सोसवला नाही आणि त्यातच त्यांचा अंत झाला. जमिनीचा ताबा घेण्यासाठी सावकाराची माणसे आली तेव्हा तरुण डेबूजी त्यांना आडवा गेला, अशी हकीकत चरित्रकारांनी नोंदविली आहे. पण मामा तर परत येणार नव्हते.

आमच्या मते बाबांच्या पुढील आयुष्याची किल्ली या प्रसंगात आहे. मामा आयुष्यभर निमूट ऐकत राहिले. परंतु त्या ऐकण्यात समजून घेणे नव्हते, होते ते भय आणि भीड. योग्य वेळी एक साधा प्रश्न विचारला गेला असता, तर कदाचित शेत वाचले असते आणि माणूसही वाचला असता. न विचारलेल्या प्रश्नाची किंमत केवढी असू शकते, हे डेबूजीने पुस्तकात वाचले नाही. ते त्याने आपल्या घराच्या अंगणात पाहिले.

बारशाचे जेवण

१८९२ साली डेबूजीचा विवाह कुंताबाईंशी झाला. पुढे पहिली मुलगी जन्मली. तिच्या बारशाला भाऊबंद जमले. मटण आणि दारूची पंगत होणार, याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. डेबूजीने पंगतीला गोडाचे जेवण वाढले. जातभाई रागावले, रूढी मोडली म्हणून बोल लावू लागले. वडील ज्या रिवाजाने गेले, तो रिवाज मुलीच्या बारशाला पाळावा तरी का, हा प्रश्न डेबूजीच्या मनात रुजला होता. त्या दिवशी त्याने तो शब्दांनी विचारला नाही. ताटात वाढून सर्वांसमोर ठेवला. प्रश्न नेहमी तोंडानेच विचारला जातो असे नाही, हेही या प्रसंगातून कळते.

बारा वर्षांची भटकंती

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजी घर सोडून निघून गेला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात खराटा आणि मातीचे एक फुटके गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यावी, त्यातच पाणी प्यावे आणि वाट चालताना तेच डोक्यावर पालथे घालावे. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोठे अंगावरील चिंध्यांवरून गोधडे महाराज असेही नाव पडले. स्वतः होऊन त्यांनी कोणतेही नाव धारण केले नाही.

सुमारे बारा वर्षे ते असे हिंडत राहिले. गावात शिरले की प्रथम रस्ता झाडावा, कोणाचे लाकूड फोडून द्यावे, कोणाच्या शेतात राबावे आणि मग भाकरीचा तुकडा मागावा. काम केल्याविना खाऊ नये हा त्यांचा दंडक होता. चिंध्या पांघरलेल्या माणसाला कोणी मान देत नाही आणि म्हणून त्याच्यासमोर कोणी सोंगही घेत नाही. ओसरीवर बसून लोक काय बोलतात, सावकाराच्या दारात कोण ताटकळत उभा असतो, कोणाला विहिरीवरून हाकलले जाते, कोणाच्या घरी सण साजरा झाल्यावर उपास पडतात, हे सारे बाबांनी त्या वर्षांत खाली मान घालून झाडता झाडता पाहिले आणि ऐकले. त्यांनी पुढे कीर्तनात जे प्रश्न विचारले, ते सगळे या बारा वर्षांच्या ऐकण्यातून आले होते. ज्याने गाव आधी ऐकले, त्यालाच गावाला प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला.

अमरावती जिल्ह्यातील ऋणमोचन हे पूर्णा नदीवरचे तीर्थक्षेत्र. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीकाठचा उतार चिखलाचा. म्हातारीकोतारी माणसे घसरून पडत. सारे यात्रेकरू हे दरवर्षी पाहत होते. बाबांनी तेथे पायऱ्यांचा घाट बांधण्याचे काम हाती घेतले. पुढे याच ठिकाणी त्यांनी अंधपंगूंना अन्न आणि वस्त्र देण्याचा परिपाठ सुरू केला.

कीर्तनातील प्रश्न

गाडगेबाबांचे कीर्तन हे मराठी मुलखातील एक नवलच होते. कीर्तनकार बोलतो आणि श्रोते ऐकतात, ही आपली जुनी परंपरा. तिची थोरवी आम्ही नाकारीत नाही. शतकानुशतके ज्यांच्या हाती पोथी लागली नाही, त्यांच्यापर्यंत संतांचे विचार कीर्तनानेच पोहोचविले. बाबांनी मात्र या परंपरेत एक मोठा बदल केला. त्यांनी श्रोत्यांना बोलते केले.

दिवसभर गाव झाडून झाल्यावर रात्री कंदिलाच्या किंवा बत्तीच्या उजेडात कीर्तन सुरू होई. आधी गोपाळाच्या नामाचा गजर. हजारो माणसे एका तालात डोलू लागली की बाबा मध्येच थांबत आणि आपल्या वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना काहीतरी विचारीत. प्रश्न अगदी साधा असे. येथे कर्ज कोणाकोणाच्या डोक्यावर आहे? ते कशासाठी काढले? मुलीच्या लग्नात किती पंगती उठल्या? त्या पंगतीत जेवलेल्यांपैकी कोणी कर्ज फेडावयास आला का? घरची मुले शाळेत जातात का? जात नसतील तर त्यांना पुढे कागद कोण वाचून दाखविणार? देवाला बकरा देता, तो बकराही देवाचेच लेकरू नाही का? एकाच्या स्पर्शाने दुसरा बाटतो म्हणता, तर माणसाच्या जाती मुळात किती?

लोक उत्तर देत. कधी हो म्हणत, कधी नाही म्हणत, कधी हसत आणि हसता हसता एकाएकी गप्प होत. बाबा त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारीत. अशी पाचसात उत्तरे झाली की श्रोत्याच्या ध्यानी येई, की आपण आपल्याच तोंडाने आपली चूक कबूल केली आहे. उपदेश बाहेरून आला असता तर तो त्याने ऐकून सोडून दिला असता. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर मात्र त्याच्याबरोबर घरी जाई. ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस अथेन्सच्या बाजारात अशाच रीतीने प्रश्न विचारीत असे, हे आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकलो. बाबांनी सॉक्रेटिसचे नाव ऐकले असण्याचा संभव कमीच. दोघांच्या रीतीत मात्र एक फरक जाणवतो. सॉक्रेटिसच्या प्रश्नांनी शहाण्या म्हणविणाऱ्यांची फजिती होई; बाबांचे प्रश्न अडाणी म्हणविणाऱ्यांना त्यांच्याच शहाणपणाची ओळख करून देत. ज्या माणसाला पाटील, सावकार, अधिकारी किंवा शास्त्री यांनी कधी त्याचे मत विचारले नव्हते, त्याला हा चिंध्या पांघरलेला बुवा भर सभेत मत विचारीत होता. त्याच्या उत्तराची वाट पाहत होता. हा मान त्या माणसासाठी नवा होता.

येथे वाचकांच्या मनात शुभवर्तमानातील प्रसंग उभे राहिल्यावाचून राहणार नाहीत. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला, तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसला होता. संत लूक त्याच्या दोन क्रिया जोडीने सांगतो : तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारीत होता. पुढे दयाळू शोमरोन्याचा दाखला सांगून झाल्यावर प्रभूने निष्कर्ष स्वतः सांगितला नाही. तिघांपैकी शेजारी कोण ठरला, हे त्याने शास्त्र्यालाच विचारले आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेतले.

प्रश्नांतून उभे राहिलेले काम

बाबांचे प्रश्न हवेत विरून गेले नाहीत. पंढरपूरच्या वारीला येणाऱ्या गोरगरिबांनी, त्यातही अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांनी, रात्री कोठे टेकावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या. खेड्यातून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रोगी येतो, त्याच्याबरोबर आलेल्या नातेवाइकांनी कोठे राहावे आणि काय खावे, हेही बाबांनी विचारात घेतले आणि तेथे त्यांच्यासाठी धर्मशाळेची सोय झाली.

शिक्षणाविषयी तर त्यांची तळमळ विलक्षण होती. जेवणाचे ताट मोडावे, भाकरी हातावर घेऊन खावी, बायकोला स्वस्तातले लुगडे घ्यावे, पण मुलाला शिकविल्याविना राहू नये, असे ते कीर्तनात परोपरीने सांगत. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेशी त्यांचा जिव्हाळा होता. १९५४ साली कराड येथे सुरू झालेल्या महाविद्यालयाला भाऊरावांनी बाबांचेच नाव दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी त्यांच्या मनात मोठा आदर होता. १९४९ साली त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. अंगठा उठविणाऱ्या मामांचा भाचा शाळा आणि वसतिगृहांसाठी झोळी पसरीत फिरला, यात आम्हांला दापुऱ्याच्या त्या अंगणाची आठवण दिसते.

स्वतःला मात्र त्यांनी या सर्वांपासून दूर ठेवले. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते ठामपणे सांगत. कोणी पाया पडू लागला तर त्यांना ते खपत नसे. कीर्तन संपले की लोकांनी घेरण्यापूर्वीच ते अंधारात दिसेनासे होत. लोकांनी त्या रात्रीच्या प्रश्नासोबत घरी जावे आणि बाबांच्या पायांशी अडकून राहू नये, अशीच त्यांची इच्छा असावी, असे आम्हांला वाटते.

ज्या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही

चरित्र लिहिताना केवळ गौरव करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जगाला प्रश्न विचारणाऱ्या या महात्म्याच्या घरी काही प्रश्न अनुत्तरित राहिले. १९०५ च्या त्या दिवशी डेबूजी गेला, तेव्हा मागे म्हातारी आई आणि तरुण पत्नी होती. मुले लहान होती. सखुबाईंनी एकुलत्या एका मुलाची वाट पाहिली. कुंताबाईंनी काय विचारले असेल आणि कोणाला विचारले असेल? पुढे ऋणमोचनच्या यात्रेत घरच्या माणसांची बाबांशी भेट झाली, पण ते संसारात परतले नाहीत. लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभारणाऱ्या बाबांनी त्यातील पैचाही लाभ आपल्या कुटुंबाला होऊ दिला नाही. कुंताबाई साध्या झोपडीत राहिल्या. बाबांच्या निःस्पृहतेचे आपण कौतुक करतो. त्या निःस्पृहतेचे मोल ज्यांनी निमूटपणे चुकविले, त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे बाबांचे कीर्तन चालू असता त्यांचा एकुलता मुलगा गोविंद मरण पावल्याची वार्ता येऊन पोहोचली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. रोज हजारो मुले मरतात, त्यातील एकासाठी किती रडावे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे सांगतात. हा प्रसंग अनेकदा वैराग्याचा दाखला म्हणून दिला जातो. आम्ही मात्र तो वाचताना दरवेळी थबकतो. ज्या बापाला मुलाच्या अखेरच्या क्षणी जवळ राहता आले नाही, त्याच्या मनात त्या रात्री कोणते प्रश्न उठले असतील, हे जाणण्याचा मार्ग आपल्यापाशी नाही. एवढेच दिसते, की ज्या प्रश्नाला उत्तर नव्हते, तो त्यांनी श्रोत्यांवर लादला नाही. काही प्रश्न परमेश्वरासमोर मौनातच ठेवावे लागतात. योबाची कथा ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

माधानचे गुलाबराव महाराज

बाबांचे चरित्र प्रश्नाच्या बाजूने झुकते, असे वाटून कोणी ऐकण्याला कमी लेखू नये. त्यासाठी याच अमरावती जिल्ह्यातील आणखी एका विभूतीचे स्मरण करणे उचित होईल. माधानचे संत गुलाबराव महाराज बाबांहून पाच वर्षांनी लहान. जन्म १८८१ चा. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. इतरांनी ग्रंथ वाचावेत आणि त्यांनी ते ऐकावेत, हाच त्यांचा विद्याभ्यास. ऐकलेले त्यांच्या चित्तात असे ठसे, की वेदान्तापासून पाश्चात्त्य विचारांपर्यंत अनेक विषयांवर त्यांनी लेखनिकांना मजकूर सांगून शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके सिद्ध केली. १९१५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, पुणे येथे त्यांचे निधन झाले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणजे बुद्धी हेच ज्यांचे डोळे आहेत असे म्हणतात.

श्रवणाने शहाणपण येते याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? परंतु नीट पाहिले तर गुलाबराव महाराजांचे श्रवण आणि चंद्रभानजींचे निमूटपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणता ग्रंथ वाचावयास हवा, हे महाराज स्वतः सांगत. ऐकलेले मनात घोळवीत, तपासून पाहत. आपल्या देशातील जुन्या परंपरेनेही श्रवणानंतर मनन सांगितले आहे. मनन म्हणजे तरी काय, तर ऐकलेल्या गोष्टीला मनातल्या मनात विचारलेले प्रश्नच. दिसावयास दोन्ही माणसे गप्प बसलेली असतात. एकाच्या गप्प बसण्यात मन जागे असते, दुसऱ्याच्या गप्प बसण्यात ते भीतीने दडपलेले असते.

प्रश्नांचेही तसेच आहे. समोरच्याला कमी लेखण्यासाठी, आपली हुशारी मिरविण्यासाठी किंवा वेळ मारून नेण्यासाठी विचारलेला प्रश्न माणसाला शहाणा करीत नाही. सेमिनरीतील आमचे पुष्कळसे प्रश्न याच जातीचे होते, हे आज कबूल करावयास हवे. बाबांचा प्रश्न निराळा होता. तो विचारण्यापूर्वी त्यांनी ते गाव झाडलेले असे, त्या गावाची भाकरी खाल्लेली असे. आणि प्रश्न विचारून झाल्यावर ते थांबत. उत्तर येईपर्यंत गप्प राहत. ऐकण्यातून निघालेला प्रश्न आणि प्रश्नानंतरचे ऐकणे, या दोहोंच्या मध्ये कोठेतरी शहाणपण वस्तीला असते, असे त्यांचे जीवन आम्हांला सांगते.

अखेरचा प्रवास

१९५६ च्या फेब्रुवारीत बाबांनी ऐंशी वर्षे पूर्ण केली. शरीर थकले होते, तरी कीर्तन चालूच होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्रे येथे पोलिसांच्या वसाहतीत झालेले कीर्तन हे त्यांचे अखेरचे मोठे कीर्तन म्हणून ओळखले जाते. त्याचे ध्वनिमुद्रण झाले, त्यामुळे बाबांचा आवाज आजही ऐकावयास मिळतो. ज्यांनी ते ऐकले नसेल त्यांनी अवश्य ऐकावे. त्यात बाबांच्या आवाजाइतकाच श्रोत्यांचा आवाज ऐकू येतो. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, बाबांची मोटार अमरावतीच्या वाटेवर असताना वलगावजवळ त्यांची प्राणज्योत मालवली. जेथून निघाले होते, त्या वऱ्हाडच्या मातीतच ते परतले होते.

आज दापुऱ्याच्या आसपासच्या शेतकऱ्याला वाचता येते. सावकाराच्या वहीची जागा पुष्कळ ठिकाणी बँकेच्या, विम्याच्या आणि बियाणे कंपन्यांच्या छापील कागदांनी घेतली आहे. अंगठ्याच्या जागी सही आली. तरीही कागदावर काय लिहिले आहे हे न विचारता सही करणारे आपल्यात अजून आहेत. डॉक्टरांनी कोणते औषध दिले हे विचारण्यास संकोचणारे आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात शंका मनातच दाबून ठेवणारी मुले आहेत आणि त्या शंकेला उत्तर देण्याऐवजी डोळे वटारणारे आम्हीही आहोत. घराघरांतून असे एखादे माणूस असते, ज्याला वर्षानुवर्षे कोणी काही विचारलेले नाही. बहुधा ती घरातील म्हातारी आई असते, सून असते किंवा सर्वांत लहान मूल असते.

येत्या २० डिसेंबरला आपणही गावकऱ्यांसोबत हाती झाडू घेऊ या. आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घरातील त्या सर्वांत गप्प माणसाला एक प्रश्न मनापासून विचारू या. मग त्याचे उत्तर येईपर्यंत आपण स्वतः गप्प बसू या.